दोन वक्र कुठे भेटतात: प्रकल्प नोंदी

४ मे

आजपासून वही सुरू. काम असं ठरलं आहे: त्रिकोणमितीतल्या आलेखांच्या जोड्या घ्यायच्या, प्रत्येक जोडी आलेखकागदावर काढायची आणि ते दोन वक्र एकमेकांना नेमके कुठे छेदतात ते समीकरण सोडवून शोधायचं. कागद-पेन्सिल माझ्याकडे. धाकटी बहीण याच जोड्या प्रोग्रॅममध्ये घालणार आहे. तिचा प्रोग्रॅम नुसत्या आकडेमोडीने छेदनबिंदू शोधेल, आणि मग तिची यादी नि माझी यादी शेजारी ठेवून ताडून पाहायची. पल्ला सगळीकडे एकच: ०° पासून ३६०° पर्यंत, ३६०° सोडून.

एक नियम मी घालून घेतला आहे. समीकरणाला हात लावण्याआधी आलेख बघून छेदनबिंदू मोजायचे आणि तो आकडा समासात लिहायचा. आलेख जागा अंदाजे सांगतो, पण बिंदू किती ते बऱ्यापैकी ठामपणे सांगतो. समीकरणाचं उलटं. जागा अचूक, पण 'किती' या प्रश्नाला त्याचं उत्तर आपण मधे काय काय केलं त्यावर अवलंबून.

पहिली जोडी सगळ्यांच्या ओळखीची: य = साइन क्ष आणि य = कॉस क्ष. समासात २. छेदनबिंदूवर दोन्ही य सारखे, म्हणून साइन क्ष = कॉस क्ष. दोन्ही बाजूंना कॉस क्षने भागलं की टॅन क्ष = १, म्हणजे क्ष = ४५° आणि २२५°. उंची ०.७०७१ आणि −०.७०७१. इथे भागाकार चालतो, कारण कॉस जिथे शून्य असतो तिथे साइन १ किंवा −१ असतो, दोघं सारखे होणं शक्यच नाही. ही ओळ मी मुद्दाम पूर्ण लिहिली. शाळेत ती कधी लिहिल्याचं आठवत नाही.

५ मे

दुसरी जोडी: य = साइन २क्ष, य = साइन क्ष. आलेखात एक लाट दुप्पट वेगाने वरखाली होते, दुसरी संथ. समासात ४.

सोडवायला घेतलं. साइन २क्ष = २ साइन क्ष कॉस क्ष. म्हणून २ साइन क्ष कॉस क्ष = साइन क्ष. दोन्ही बाजूंना साइन क्ष दिसला, हात आपोआप चालला, काट मारली. उरलं २ कॉस क्ष = १, कॉस क्ष = १/२, क्ष = ६०° आणि ३००°. दोनच. समासात मात्र चार.

कालच भागाकाराबद्दल एवढं लिहिलं आणि आज तोच खड्डा. साइन क्षने भागताना मी गुपचूप धरून चालले होते की साइन क्ष शून्य नाही. पण साइन क्ष शून्य असला तर दोन्ही बाजू शून्य, समीकरण बरोबरच. ०° आणि १८०° हे ते बिंदू, आणि मीच ते वाहून जाऊ दिले. बरोबर रीत: सगळं एका बाजूला आणून अवयव पाडायचे. साइन क्ष (२ कॉस क्ष − १) = ०. आता दोन्ही अवयवांना बोलायची संधी मिळते: पहिल्यातून ०° आणि १८०°, दुसऱ्यातून ६०° आणि ३००°.

समासातला चार नसता तर मी दोन उत्तरांवर समाधानाने पान उलटलं असतं.

७ मे

तीच जोडी दुसऱ्या वाटेने. नित्यसमानता न वापरता सरळ विचार: दोन कोनांचा साइन सारखा कधी असतो? एकक वर्तुळावर साइन म्हणजे बिंदूची उंची. एकाच उंचीवर वर्तुळाचे दोन बिंदू असतात, एक उजवीकडे, एक डावीकडे. म्हणून साइन अ = साइन ब असेल तर एक तर अ आणि ब एकाच जागी (अ = ब + ३६०°न), नाही तर समोरासमोर (अ = १८०° − ब + ३६०°न). इथे न म्हणजे कोणतीही पूर्ण संख्या.

अ = २क्ष, ब = क्ष घातलं. पहिल्या घराण्यातून क्ष = ३६०°न, म्हणजे आपल्या पल्ल्यात फक्त ०°. दुसऱ्यातून ३क्ष = १८०° + ३६०°न, म्हणजे ६०°, १८०°, ३००°. एकूण चार. गंमत अशी की परवा ०° आणि १८०° एकाच अवयवातून आले होते, आज ते वेगवेगळ्या घराण्यांत गेले. उत्तर तेच, नाती बदलली. 'घराणं' हा शब्द आता या वहीत रूढ करते आहे.

कॉससाठी हेच आणखी सुटसुटीत: कॉस अ = कॉस ब म्हणजे अ = ब + ३६०°न किंवा अ = −ब + ३६०°न.

१० मे

य = साइन क्ष आणि य = १ − कॉस क्ष. दुसरा आलेख म्हणजे कॉसची लाट उलटी करून एक एककाने वर उचललेली, शून्यापासून दोनपर्यंत जाणारी. समासात २: एक आरंभबिंदूवर, एक ९०° च्या आसपास.

साइन आणि कॉस मिसळलेले असले की वर्ग करायचा मोह होतो, कारण साइन² आणि कॉस² एकमेकांत बदलता येतात. केला. साइन² क्ष = १ − २ कॉस क्ष + कॉस² क्ष. डावीकडे १ − कॉस² क्ष लिहिलं, आवराआवर केली: २ कॉस² क्ष − २ कॉस क्ष = ०. अवयव पाडले, काहीही भागलं नाही, हे अभिमानाने नोंदवते. कॉस क्ष = ० किंवा कॉस क्ष = १. म्हणजे क्ष = ०°, ९०°, २७०°.

तीन! या वेळी एक जास्त. २७०° तपासला: साइन २७०° = −१, आणि १ − कॉस २७०° = १. डावी बाजू −१, उजवी १. वर्ग केल्यावर दोन्ही १, म्हणून तो आत शिरला.

पाठ्यपुस्तकी सल्ला असा की वर्ग केला असेल तर उत्तरं सुरुवातीच्या समीकरणात घालून तपासा आणि खोटं मूळ (म्हणजे खोटं उत्तर) टाकून द्या. पण टाकून देण्याआधी ते आलं कुठून हे बघायची इच्छा झाली. वर्ग केलेलं समीकरण खरं तर दोन समीकरणं एकत्र सांगतं: साइन क्ष = १ − कॉस क्ष, किंवा −साइन क्ष = १ − कॉस क्ष. म्हणून त्याच कागदावर य = −साइन क्ष तुटक रेषेने काढला. तो उंच वक्राला बरोबर २७०° वर, एक एकक उंचीवर छेदून गेला. म्हणजे ते मूळ खोटं नाही. ते शेजारच्या आलेखाचं आहे, आपल्या पत्त्यावर आलेलं.

हा कागद संग्रहात तुटक रेषेसकट ठेवायचा. मुलांना 'उत्तर तपासा' असं दहा वेळा सांगण्यापेक्षा ही तिसरी रेषा एकदा दाखवलेली बरी.

११ मे

छोटी नोंद. प्रत्येक पायरीच्या उजवीकडे आता एक खूण: दुहेरी बाण म्हणजे खालच्या ओळीवरून वरच्या ओळीवर परत येता येतं, एकेरी म्हणजे येत नाही. वर्ग करणं एकेरी. दोन्ही बाजूंना ३ मिळवणं दुहेरी. शून्य असू शकणाऱ्या राशीने भागणं सगळ्यात वाईट, तिथे वाट नुसती एकेरी होत नाही, मुळं मागे सुटतात. वर्गाने आलेला पाहुणा तपासून बाहेर काढता येतो. भागाकारात हरवलेलं मूळ तपासायला हातात उरतच नाही.

१४ मे

य = ३ साइन क्ष आणि य = २ − ४ कॉस क्ष. समासात २. समीकरण ३ साइन क्ष + ४ कॉस क्ष = २.

वर्ग न करता सोडवायचं ठरवलं. ३ आणि ४ या काटकोन त्रिकोणाच्या बाजू धरल्या तर कर्ण ५. सगळं पाचने भागलं (पाच कधीच शून्य नसतो, दुहेरी बाण): ३/५ साइन क्ष + ४/५ कॉस क्ष = ०.४. आता असा कोन घ्यायचा ज्याचा कॉस ३/५ आणि साइन ४/५. तो ५३.१३°. मग डावी बाजू म्हणजे साइन (क्ष + ५३.१३°). दोन लाटा मिळून एकच लाट झाली, उंची ५, डावीकडे ५३.१३° सरकलेली.

साइन (क्ष + ५३.१३°) = ०.४. ज्या कोनाचा साइन ०.४ तो २३.५८°, आणि त्याचा समोरचा १५६.४२°. ५३.१३° वजा करून क्ष = १०३.२९° आणि ३३०.४५°. पडताळा: १०३.२९° ला पहिला वक्र २.९२ वर, दुसराही २.९२ वर. ३३०.४५° ला दोन्ही −१.४८ वर.

या रीतीवर माझा जीव जडला आहे, कारण ती सोडवण्याआधीच 'किती' सांगते. एकत्र झालेल्या लाटेची उंची ५. म्हणून य = स − ४ कॉस क्ष असा वक्र घेतला आणि स वाढवत नेला, तर स पाचाच्या आत असेपर्यंत दोन छेद. स = ५ झाला की दोन बिंदू सरकत सरकत एकमेकांत मिसळतात आणि वक्र ३६.८७° वर फक्त टेकतात, १.८ उंचीवर. स पाचाच्या वर गेला की भेट नाही. मी स = २, ४, ५ आणि ६ असे चार वक्र एका कागदावर काढले. बिंदू जवळ येत येत एक होताना पाहणं आणि विवेचक (वर्गसमीकरणाची मुळं किती ते सांगणारी राशी) शून्य होतो असं वाचणं, या एकाच घटनेच्या दोन बाजू. पण पहिली डोळ्यांत राहते.

१६ मे

अर्धकोनाची युक्ती तपासली: ट = टॅन (क्ष/२) घेतलं की साइन क्ष = २ट/(१ + ट²) आणि कॉस क्ष = (१ − ट²)/(१ + ट²). त्रिकोणमिती नाहीशी होते, साधं वर्गसमीकरण उरतं. परवाच्या जोडीवर लावलं: ३ट² − ३ट − १ = ०, ट = १.२६३८ किंवा −०.२६३८, आणि क्ष पुन्हा १०३.२९° आणि ३३०.४५°. छान.

मग य = साइन क्ष आणि य = १ + कॉस क्ष घेतले. समासात २. ट घालून अपूर्णांकांखालचा १ + ट² उडवला: २ट − (१ − ट²) = १ + ट². ट² दोन्हीकडून गेला. उरलं २ट = २, ट = १, क्ष = ९०°. एकच.

अर्धा तास चूक शोधली. भागाकार नाही, वर्ग नाही, आकडेमोड बरोबर. शेवटी आलेखाकडे पाहिलं. दुसरा बिंदू १८०° वर आहे, दोन्ही वक्र तिथे शून्यावर. आणि १८०° चा अर्धा ९०°, ज्याचा टॅन अस्तित्वातच नाही. ट या अक्षरात १८०° लिहिताच येत नाही. बदल करण्याच्या पहिल्याच ओळीत तो बिंदू बाहेर राहिला होता.

पण त्याने जाताना खूण ठेवली होती, ती आत्ता दिसते. वर्गसमीकरण व्हायला हवं होतं तिथे ट² चा सहगुणक शून्य होऊन एकघाती समीकरण उरलं. घात कमी झाला म्हणजे एक मूळ अनंताकडे गेलं, आणि ट अनंताला म्हणजेच क्ष १८०° ला. हे लक्षात आल्यावर भीती गेली. समासात लिहिलं: घात घसरला तर १८०° हाताने तपासायचा.

१९ मे

आज पहिल्यांदा दोघींच्या याद्या शेजारी ठेवल्या. बहिणीचा प्रोग्रॅम असा चालतो: −०.५° पासून दर एक अंशाला थांबायचं, दोन वक्रांच्या उंचींतला फरक काढायचा. फरकाचं चिन्ह पालटलं की मधे कुठेतरी छेद आहे असं धरायचं आणि तो तुकडा पुन्हा पुन्हा अर्धा करत जागा गाठायची. अर्ध्या अंशावरून सुरुवात तिने विचारपूर्वक ठेवली आहे, म्हणजे ०° किंवा १८०° वर नेमका पाय पडून चिन्हाचा घोळ होत नाही.

पहिल्या पाच जोड्या जुळल्या. मग दोन अडल्या.

य = कॉस २क्ष आणि य = साइन क्ष. माझी उत्तरं: कॉस २क्ष = १ − २ साइन² क्ष, म्हणून २ साइन² क्ष + साइन क्ष − १ = ०, म्हणून (२ साइन क्ष − १)(साइन क्ष + १) = ०. क्ष = ३०°, १५०°, २७०°. तिचा प्रोग्रॅम म्हणतो ३०° आणि १५०°.

"ताई, तुझा २७०° खोटा तर नाही? वर्ग केला होतास का?"

केला नव्हता. २७०° वर दोन्ही वक्र आपापल्या तळाला, −१ वर आहेत. ते तिथे टेकतात आणि पुन्हा आपापल्या वाटेने वर जातात, ओलांडत नाहीत. फरकाचं चिन्ह आधीही तेच, नंतरही तेच. जो फक्त ओलांडणं मोजतो त्याला टेकणं दिसणार नाही.

दुसरी जोडी य = टॅन क्ष आणि य = २ साइन क्ष. माझी उत्तरं ०°, ६०°, १८०°, ३००°. प्रोग्रॅमची सहा: त्यात ९०° आणि २७०° जास्तीचे. इथे उलट घडलं. ९०° च्या अलीकडे टॅन वर अनंताकडे, पलीकडे खालून अनंताकडून. चिन्ह पालटतं, पण भेट झालेलीच नसते. वक्र तुटलेला असतो. वाईट म्हणजे तिच्या पडद्यावरच्या आलेखातही ९०° वर एक उभी रेषा आली होती, कारण प्रोग्रॅम लागोपाठचे ठिपके जोडत जातो. ती रेषा दुसऱ्या वक्राला स्पष्ट छेदताना दिसते. समासातल्या माझ्या आकड्यावर भरवसा ठेवायचा, तर आलेखही असा फसवू शकतो हे मान्य करावं लागलं. मी हाताने काढलेला आलेख यातून बचावला, तो केवळ मी अनंतस्पर्शी रेषा (वक्र जिच्या जवळ जवळ जातो पण जिला गाठत नाही ती) आधीच आखून ठेवते म्हणून.

तिने दोन दुरुस्त्या केल्या. जागा सापडल्यावर तिथला फरक खरोखर शून्याजवळ आहे का ते बघायचं. ९०° वर तो प्रचंड असतो, म्हणून बाद. आणि फरकाचं परममूल्य जिथे उतरून पुन्हा चढतं तिथेही डोकावायचं. २७०° आता सापडतो. दुसरी दुरुस्ती अजून चाचणीवर आहे.

२२ मे

आजची जोडी बहिणीने निवडली: य = साइन ५क्ष आणि य = साइन क्ष. आणि आजच्या दिवसाला तीन वेगवेगळे आकडे मिळाले.

माझी घराण्यांची रीत: पहिल्यातून ४क्ष = ३६०°न, म्हणजे ०°, ९०°, १८०°, २७०°. दुसऱ्यातून ६क्ष = १८०° + ३६०°न, म्हणजे ३०°, ९०°, १५०°, २१०°, २७०°, ३३०°. चार आणि सहा, दहा. समासात आलेख बघून लिहिलेले ८. बहिणीच्या जुन्या, दुरुस्तीपूर्व प्रोग्रॅमचे ६.

कोण चुकलं? कोणीच नाही, प्रत्येकाने वेगळी गोष्ट मोजली, आणि हे कळायला आम्हाला दुपार लागली. ९०° आणि २७०° दोन्ही घराण्यांत आहेत. आलेखात ९०° वर संथ लाटेचं शिखर आहे आणि त्याच्या आत, बरोबर खाली, वेगवान लाटेचं टोकदार शिखर त्याच उंचीला टेकलं आहे. म्हणजे तो टेकण्याचा बिंदू. दहामध्ये टेकण्याचे दोन बिंदू दोनदा मोजले गेले, आठमध्ये एकदा, सहामध्ये एकदाही नाही. १० − २ = ८, ८ − २ = ६. तिन्ही आकडे आता एकमेकांना आधार देतात.

मग १९ मेची जोडी याच नजरेने पाहिली. कॉस २क्ष = साइन क्ष म्हणजे कॉस २क्ष = कॉस (९०° − क्ष). पहिलं घराणं ३क्ष = ९०° + ३६०°न: ३०°, १५०°, २७०°. दुसरं क्ष = −९०° + ३६०°न: फक्त २७०°. पुन्हा दोन घराण्यांत असलेला बिंदू तोच, जिथे वक्र टेकतात. याचं कारण १४ मेच्या कागदावर आधीच होतं: टेकणं म्हणजे दोन छेद एकमेकांत मिसळणं. दोन वाटांनी येणारे दोन बिंदू एकाच जागी पोचले, एवढंच.

यातून एक नियम निघाला, आणि तो सिद्ध करता आला म्हणून फार बरं वाटतंय. म आणि न पूर्ण धन संख्या, म मोठी (हा न घराण्यांतल्या ३६०°न मधला नव्हे). साइन मक्ष आणि साइन नक्ष यांच्या दोन घराण्यांतून म − न आणि म + न उत्तरं मिळतात. बेरीज २म. टेकणारे बिंदू दोनदा मोजले तर आकडा नेहमी २म, संथ लाट कोणतीही असो. साइन २क्ष आणि साइन क्ष: ४, बरोबर. साइन ५क्ष आणि साइन २क्ष: पहिल्या घराण्याची तीन, दुसऱ्याची सात, सामाईक एकही नाही, म्हणून दहाच्या दहा वेगळे. बहिणीने नवा प्रोग्रॅम चालवला आणि दहा मोजले. आता समासातल्या आकड्याला आलेखाखेरीज दुसरा साक्षीदार मिळाला.

२४ मे

य = साइन क्ष, य = टॅन क्ष. कागदावर सोपं: साइन क्ष (१ − १/कॉस क्ष) = ०, म्हणून ०° आणि १८०°. आलेखावर १८०° चा छेद स्वच्छ, फुलीसारखा, कारण तिथे एक वक्र उतरता आणि दुसरा चढता. ०° वर मात्र दोन वक्र बराच वेळ एकमेकांना चिकटून जातात. पेन्सिलीच्या रेघेच्या जाडीत फरकच मावत नाही. १०° ला साइन ०.१७३६ आणि टॅन ०.१७६३. छेद 'इथून इथवर' आहे असंच वाटतं. नेमका बिंदू फक्त समीकरण सांगतं.

या चिकटण्याला जुना पुरावा आहे. साइनचं आपलं नाव ज्या, म्हणजे धनुष्याची दोरी. खरं तर तिचा अर्धा भाग. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये दर ३° ४५′ ला ज्यांचे फरक दिले, ३४३८ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) त्रिज्येच्या वर्तुळात, आणि त्यातला पहिला आकडा २२५. ३° ४५′ म्हणजेही २२५ कलाच. इतक्या लहान कोनाला कंस आणि अर्धी दोरी यांत फरक उरत नाही. मी टॅनही त्याच मापाने काढला: ज्या २२४.९, टॅन २२५.३. पूर्णांकात दोघंही २२५.

२६ मे

यादीबाहेरची जोडी, य = कॉस क्ष आणि य = क्ष, क्ष रेडियनमध्ये (कोनाचं दुसरं एकक, एक रेडियन म्हणजे सुमारे ५७.३°). इथे ना अवयव पडतात ना घराणी कामाला येतात. बहीण म्हणाली की कॅल्क्युलेटरवर १ लिहून कॉसचं बटण दाबत राहायचं. माझ्याकडे एकदम ०.९९९८ वर स्थिरावलं आणि हलेचना. कॅल्क्युलेटर अंशांवर होता. तोही एक खरा छेदच म्हणायचा, पण वेगळ्या आलेखांचा. रेडियनवर आणून पुन्हा: ०.५४०३, ०.८५७६, ०.६५४३, ०.७९३५, ०.७०१४... कधी डावीकडून, कधी उजवीकडून, दर वेळी चूक साधारण दोन तृतीयांश होत ०.७३९०८५ वर. न्यूटनच्या रीतीने तीन पायऱ्यांत तोच आकडा. छेद एकच आहे: क्ष −१ आणि १ च्या बाहेर गेला की कॉस तिथे पोचूच शकत नाही, −१ ते ० मध्ये कॉस धन आणि क्ष धन नाही, आणि ० ते १ मध्ये कॉस उतरता, क्ष चढता, म्हणून भेट एकदाच.

३० मे

यादीतली शेवटची जोडी: य = टॅन क्ष, य = कॉस क्ष. समासात २. मला ही कंटाळवाणी वाटली होती, म्हणून शेवटी ठेवली होती.

साइन क्ष / कॉस क्ष = कॉस क्ष. कॉस शून्य असेल तिथे टॅन नसतोच, म्हणून कॉसने गुणणं सुरक्षित. साइन क्ष = कॉस² क्ष = १ − साइन² क्ष. साइनला स म्हटलं: स² + स − १ = ०. स = (√५ − १)/२ = ०.६१८० किंवा −१.६१८०. दुसरं साइनच्या आवाक्याबाहेर. पहिल्यातून क्ष = ३८.१७° आणि १४१.८३°, उंची ०.७८६२ आणि −०.७८६२.

०.६१८ बघून थबकले. सुवर्ण गुणोत्तर (१.६१८, आणि ०.६१८ हा त्याचा व्यस्त), तेही दोन साध्या वक्रांच्या भेटीत! मग छेदाचा कोनही काढावा म्हणून चढ काढले. टॅनचा चढ १/कॉस² क्ष, कॉसचा चढ −साइन क्ष. गुणाकार −साइन क्ष / कॉस² क्ष. पण छेदनबिंदूवर साइन क्ष आणि कॉस² क्ष सारखेच आहेत, तीच तर आपली अट. म्हणून गुणाकार −१, आणि चढांचा गुणाकार −१ असला की रेषा एकमेकींना लंब. वक्र काटकोनात छेदतात. आकडे घालून पाहिले: १.६१८ आणि −०.६१८.

माझ्या कागदावर मात्र कोन काटकोन दिसेना. कारण क्ष-अक्षावर अंश आणि य-अक्षावर वेगळंच माप होतं. नवा कागद घेतला, दोन्ही अक्षांवर एक एकक म्हणजे चार सेंटिमीटर, क्ष रेडियनमध्ये. छेद ०.६६६२ आणि २.४७५४ वर. टॅनची अनंतस्पर्शी रेषा आधी आखली, मग वक्र, मग दोन्ही बिंदूंवर स्पर्शिका. कंपासपेटीतला गुण्या काढून पहिल्या फुलीवर ठेवला. दोन्ही कडा रेघांवर बसल्या. दुसऱ्या फुलीवरही.

बहीण खांद्यावरून बघत होती. "ताई, मग साइन आणि कॉट?" कॉट म्हणजे कॉस/साइन, म्हणून साइन² क्ष = कॉस क्ष. कॉस क्ष पुन्हा ०.६१८०, कोन ५१.८३° आणि ३०८.१७°. चढ कॉस क्ष आणि −१/साइन² क्ष, गुणाकार पुन्हा −१. ती प्रोग्रॅम चालवायला गेली, आणि मी त्याच मापाचे अक्ष आखायला आणखी एक कागद घेतला.